सातवा डबा

ग्रामदेवतेची शपथ, माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, आणि एवढ्यानं भागत नसेल तर ह्या तुळशीवर हात ठेवून सांगते, आता जे ऐकाल त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. नगरपालिकेच्या सॅनिटरी इन्स्पेक्टरनं मला गव्हाचं पोतं समजून माझ्या डोक्यावर आपली टोपी ठेवली, हेसुद्धा.

हसनभाईच्या पिठाच्या गिरणीत पोत्यांच्या दोन थप्प्या होत्या, त्यांच्या मधल्या फटीत मी उकिडवी बसले होते. गिरणी चालू, पीठ उडतंय, मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरीफटक. पाणी आणायला म्हणून खाली उतरले आणि तेवढ्यात दारात जीप थांबली, म्हणून लपायला मिळालं. इन्स्पेक्टर आत आला. घाम पुसायला त्यानं टोपी काढली आणि जवळ दिसली ती जागा बघून ठेवून दिली. मला शिंक आली. टोपी उडाली.

माणूस दोन पावलं मागं सरला. पण सरकारी माणूस, घाबरल्याचं दाखवायचं नाही.

"आजी, वर कोण आहे?"

"उंदीर," मी म्हटलं.

"किती?"

"सात होते. एक खाली आलाय."

तो दोन शिपाई घेऊन लाकडी जिन्यानं वर गेला आणि पाच मिनिटांत एक पोतं घेऊन खाली आला. पोत्यात जेवणाचे डबे होते. सात डबे, भरलेले, अजून कुणी न उघडलेले. मागोमाग दुर्गाबाई जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई. त्यांनी इन्स्पेक्टरला सांगितलं की निम्मं गाव माझ्या हातावर जन्माला आलंय, त्यातलं एकही मूल दुसऱ्याचं जेवण पळवण्याइतकं वाया गेलं नव्हतं. त्यानं न ऐकल्यासारखं केलं. जीप गेली.

मी अंग झटकत बाहेर आले. पहिला विचार आला की माझा डबा गेला. दुसरा आला तो असा, की तो डबा आता माझ्याच घरी चाललाय. कारण ती जीप पाठवणारा नगरसेवक दिगंबर वाळवेकर, तो माझा मुलगा. आणि हे गिरणीवर कुणालाच माहीत नव्हतं.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावन्नची. आमचे हे गेल्यावर गावाकडचं घर बंद करून दिगूकडे आले होते, शहरात, नदीच्या अलीकडच्या नव्या वसाहतीत. घर कसलं, एसटी स्टँड. सकाळपासून कार्यकर्ते, चहाची पातेली, दारात चपलांचा ढीग. दिगू कधी जेवायचा ते त्यालाच ठाऊक नसायचं. सून हेमलता, वाईट नव्हती हो, पण तिचा सगळा जीव त्या चहाच्या पातेल्यात. माझं ताट ओट्यावर झाकून ठेवलेलं असायचं. भूक लागली की मी झाकण काढायची, जेवायची, धुऊन टाकायची. त्या घरात मला कुणी उपाशी ठेवलं नाही, आणि कुणी जेवलात का असंही विचारलं नाही.

एकदा मी मुद्दाम कुणाला न सांगता बहिणीकडे गेले. दोन रात्री राहिले. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन घरात शिरले तर हेमलता म्हणाली, "आई, बरं झालं भेटलात. दळण संपलंय." म्हणजे मी गेलेच नव्हते तिच्या लेखी. पिशवी खाली ठेवली, गव्हाचा डबा उचलला आणि निघाले.

जवळच्या गिरणीची वीज गेली होती म्हणून पूल ओलांडून हसनभाईकडे गेले. दळण होईपर्यंत बाकावर बसले, तर माडीवरून हसण्याचा आवाज. नुसतं हसणं नाही, पोट धरून. म्हटलं, बघू तर. जिना चढले.

वर सहा माणसं गोल बसली होती. तीन बाया, तीन बाप्ये, सगळे पन्नाशी-साठीचे. मधे डबे. दारात दुर्गाबाईंनी मला अडवलं. म्हणाल्या, ह्या मंडळाला एकच अट आहे. "संध्याकाळी घरी तुमची जेवायला वाट बघणारं कुणी आहे?"

मी म्हटलं, नाही.

तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण मला गप्प बसायला कुठं येतंय. खरं वाटावं म्हणून मी माहेरचं नाव सांगितलं, शिरगावकर. वर सांगितलं की एकुलता एक मुलगा होता, बोटीवर नोकरीला होता, बोटीसकट बुडाला. पोपटराव गुरव म्हणून लग्नाच्या बँडमध्ये सनई वाजवणारे होते, बायको जाऊन चार वर्षं झालेली, त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला इतकं बरं वाटलं ते पाणी बघून, की पुढच्या आठवड्यात मी त्या बोटीला वादळ जोडलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात देवमासा.

मंडळाची रीत साधी होती. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला यायचं, आपापला डबा आणायचा. डबे मधे ठेवायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि ज्याच्या वाट्याला जो येईल तो डबा खायचा. आपल्या हातचं आपण खायचं नाही. एकट्या माणसाला आपल्या हातच्या चवीचा किती कंटाळा येतो ते एकट्यालाच कळतं. आणि दुसऱ्यासाठी करायचं म्हटलं की कोथिंबीर चिरावीशी वाटते. मी तर बुधवारपासून ठरवत बसायची. कुणाला मिळणार माहीत नसायचं, पण कुणाला तरी मिळणार. जेवण झाल्यावर गप्पा, कधी पोपटरावांची सनई, आणि आठला आपापल्या घरी. दार लावून घ्यायचो ते पिठासाठी. दार उघडं ठेवलं तर आमटीवर पिठाची साय.

घरी मी भजनाला जाते म्हणून सांगितलं होतं. कुठलं भजन, ते कुणी विचारलं नाही.

आता दिगूचं ऐका. त्या वर्षी त्यानं गावातले पत्त्यांचे दोन क्लब बंद पाडले. तिथं खरंच जुगार चालायचा, लोकांनी त्याला हार घातले. हाराची चटक वाईट. निवडणूक चार महिन्यांवर होती आणि बंद पाडायला तिसरा जुगाराचा क्लब गावात नव्हता. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं की गिरणीच्या माडीवर प्रौढ बायका आणि बाप्ये दार लावून बसतात, आतून वाद्यांचा आवाज येतो. झालं. त्यानं ठरावच तयार केला. शहरात प्रौढ स्त्री-पुरुषांचे असले मिश्र क्लब आणि मंडळं चालवायला कायमची बंदी. येत्या शुक्रवारी सर्वसाधारण सभेत मांडायचा.

आणि भाषणाचा सराव त्यानं कुणासमोर करावा? माझ्यासमोर.

सोमवारी संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. हातात कागद. "आई, वेळ आहे का तुला? जरा ऐक. कुठं अडखळलो तर सांग."

माझ्या कॉटवर बसला. लहानपणी कविता पाठ करताना पाय हलवायचा तसाच हलवत होता. वाचायला लागला. कुटुंबव्यवस्थेला कीड, पांढऱ्या केसांना न शोभणारे चाळे, असं काय काय. मी मन लावून ऐकत होते. एक वाक्य फार लांब होतं, मी म्हटलं तोड ते. त्यानं तोडलं. म्हणाला, "तू ऐकतेस तेव्हा बरं वाटतं गं."

मंगळवारी परत आला. बुधवारीही. तिन्ही दिवस आम्ही तासभर बोलत होतो, तो नि मी, माझ्याच विरुद्धच्या भाषणावर. खोटं कशाला सांगू, त्या घरातले माझे सगळ्यांत सुखाचे तीन दिवस ते. बुधवारी तर मी त्याला एक टाळीचं वाक्य लिहून दिलं.

आणि गुरुवारी तो इन्स्पेक्टर आला, डबे घेऊन गेला. दिगूला सभेत पुरावा दाखवायचा होता.

त्या संध्याकाळी जीप गेल्यावर आम्ही सात जण उपाशी बसलो. दुर्गाबाई म्हणाल्या, ठरावाला लेखी हरकत घेता येते, फक्त कुणीतरी नाव-पत्त्यासकट सभेत उभं राहायला पाहिजे. पण सगळ्यांना त्याच गावात राहायचं होतं. विधवा बाई परक्या पुरुषाच्या डब्यातलं जेवते, हे सभेत सांगायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी भाजी आणायला बाहेर कसं पडायचं. शेवटी दुर्गाबाईच म्हणाल्या, मी उभी राहते, मला आता कोण काय करणार. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यमुनाबाई, तुम्ही येऊ नका. तुमच्या जिवाला आधीच काय कमी झालंय."

बुडालेल्या मुलाबद्दल म्हणत होत्या. मी मान खाली घातली.

शुक्रवारी सकाळी हेमलतानं ते पोतं माझ्यापुढं आणून ठेवलं. आतल्या जेवणाला वास सुटला होता. "आई, एवढे घासून द्या. ह्यांना दुपारी दाखवायचेत." मोरीत बसून मी एकेक डबा घासला. सगळे ओळखीचे. दुर्गाबाईंचा स्टीलचा, त्यावर निवृत्तीची तारीख. पोपटरावांचा पुरणपोळीचा वास कायम चिकटलेला. आणि सातवा माझा, पितळी, कल्हईचा. कासारानं छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं. तेव्हा भांड्यावर नाव घालायची पद्धतच होती. कुणी दिलं, कशाबद्दल दिलं, सगळं.

मी सहा डबे पोत्यात भरले. सातवा पुसून फडताळात त्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवून दिला. दिगूनं पोतं बघितलं, मोजले, म्हणाला, ह्या इन्स्पेक्टरला सातपर्यंत मोजता येत नाही. आणि जाताना म्हणाला, "आई, तू सभेला ये. पुढं बस. तू दिसलीस की मी अडखळणार नाही."

तो गेल्यावर मी बेसनाचे लाडू केले. भाषण झालं की त्याला गोड लागतं, शाळेपासूनची सवय. लाडू भरायला फडताळातून डबा काढला तो तोच पितळी. का तोच काढला, ते मला आजही सांगता यायचं नाही.

तीन वाजता नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. मी पहिल्या रांगेत, इस्त्रीचं पातळ, मांडीवर पिशवी. मागच्या बाकांवर मंडळी होती, पाच जण भिंतीला चिकटून आणि दुर्गाबाई पुढं. त्यांनी मला बघितलं आणि नको म्हटलं तरी आलात असं डोळ्यांनीच रागावल्या.

दुर्गाबाईंची हरकत अध्यक्षांनी वाचायला घेतली, तोवर सगळे आपसांत बोलत होते. वाचून झाली ते कुणाला कळलंही नाही. मग दिगू उभा राहिला. सुरेख बोलला हो. माझं टाळीचं वाक्य आलं, टाळी पडली. मी पण वाजवली, हात आपोआप उठले. मग त्यानं टेबलावर डबे मांडले आणि म्हणाला, ह्या माडीवर कुठल्या घरची माणसं जातात ते डब्यांवरच लिहिलंय, मी फक्त वाचून दाखवतो.

एकेक नाव वाचायला लागला. प्रत्येक नावाला मागं कुणीतरी खाकरायचं, कुणीतरी हसायचं. चौथा डबा उचलला. "कैलासवासी सौ. सुमन पोपट गुरव." थांबला, लोकांकडे बघून हसला. "म्हणजे आता वरूनसुद्धा येतात वाटतं लोक क्लबाला."

सगळं सभागृह खदखदून हसलं. हे वाक्य सरावात नव्हतं. ते त्याला तिथंच सुचलं होतं.

मी मागं वळून पोपटरावांकडे बघितलं. ते हसत नव्हते, रडतही नव्हते. टेबलावरच्या त्या डब्याकडे बघत होते, कुणी हातातून टाकू नये म्हणून लक्ष ठेवावं तसे. बायकोच्या नावाचा डबा, ती गेल्यावर तिच्या आठवणीसाठी नाव घालून घेतलेला. चार वर्षं तोच आणत होते.

मी उठले. टेबलापाशी गेले आणि पिशवीतून माझा डबा काढून बाकीच्यांच्या शेजारी ठेवला.

दिगूला वाटलं लाडू आणलेत. हळूच म्हणाला, "आई, नंतर."

"सातवा राहिला होता," मी म्हटलं. "वाच."

त्यानं डबा फिरवला. ठिपक्यांची अक्षरं त्याला पाठ असणार, ह्याच डब्यातून तो शाळेत चिवडा न्यायचा. वाचलं नाही त्यानं. अध्यक्ष म्हणाले, वाचा की. तरी नाही. मग मीच वाचलं, न बघता.

"चिरंजीव दिगंबर याच्या बारशास, आत्याकडून सप्रेम भेट."

कुणी हसलं नाही.

पहिल्या बोलल्या त्या दुर्गाबाई, मागून. "यमुनाबाई, हा कोण?"

"माझा मुलगा."

"तो बुडाला ना?"

"नाही बुडाला," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. बोट नव्हती. देवमासा पण नव्हता."

दुर्गाबाई बाकांमधून पुढं आल्या. मला वाटलं, आता ह्या मला काढणार, अट म्हणजे अट. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दिगूसमोर उभ्या राहिल्या, दवाखान्यात बाळाच्या बापाला विचारतात तशा आवाजात विचारलं, "वाळवेकर, आमच्या मंडळाला एक अट आहे. तुमच्या आई घरी येईपर्यंत जेवायचं थांबणारं तुमच्या घरात कुणी आहे का? तेवढं सांगा. असेल तर मी त्यांचं नाव आत्ता कमी करते."

दिगूनं तोंड उघडलं. मला माहीत होतं तो हो म्हणेल, नगरसेवक होता तो, त्याला काहीही म्हणता यायचं. पण त्यानं माझ्याकडे बघितलं. आणि माझ्याकडे बघितल्यावर त्याला खोटं बोलता येत नाही, हे लहानपणापासूनचं.

खाली बसला. हातात डबा तसाच.

अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला. पुढच्या सभेला तो विषय आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पत्त्यांचे क्लब बंदच राहिले ते बरंच झालं. गिरणीची माडी कुणी पुन्हा विचारली नाही. दुर्गाबाई आणि पोपटरावांनी आपले डबे टेबलावरून उचलले, बाकीच्यांनी उचलले. पोपटरावांनी आधी पदरानं पुसावा तसा उपरण्यानं पुसला. माझा डबा तिथंच राहिला.

आम्ही तसेच गिरणीवर गेलो. कुणाकडे काही शिजवलेलं नव्हतं. हसनभाईनं खालून गरम पीठ दिलं, दुर्गाबाईंनी भाकरी थापल्या. माझा न्याय झाला. दिवसाढवळ्या मुलाला बुडवल्याबद्दल मी एक महिना सगळ्यांची भांडी घासायची. आणि पोपटराव म्हणाले, यमुताई, तेवढा देवमासा ठेवा, तो चांगला होता.

आठला घरी निघाले. दारात चपलांचा ढीग नव्हता. आत गेले तर दिगू स्वयंपाकघरात पाटावर बसलेला. समोर दोन ताटं, दोन्ही झाकलेली. मला बघून म्हणाला, "किती उशीर. बस." मी हात धुतले, बसले. त्यानं झाकणं काढली. आम्ही जेवलो. वरण गार झालं होतं, कारण तो कधीचा थांबला होता.

आता तुम्ही म्हणाल, छान झालं. मीही इतकी वर्षं असंच सांगत आलेय.

पण तुळशीवर हात ठेवलाय, म्हणून सांगते. एवढं शेवटचं मी पदरचं घातलंय. तुमच्या लक्षात यायला पाहिजे होतं खरं तर. तो थांबला असता तर अटीप्रमाणे माझं नाव कमी झालं असतं, आणि मी तर पुढं अकरा वर्षं, हसनभाईनं गिरणी विकेपर्यंत, दर गुरुवारी गेले.

मी घरी आले तेव्हा त्याच्या खोलीचं दार लावलेलं होतं. ओट्यावर एकच ताट झाकलेलं. आणि फडताळात, नेहमीच्या जागेवर, पितळी डबा. उघडला, तर रिकामा. लाडू एकही नाही. सभेत वाटले, की रस्त्यात टाकले, की खाल्ले, मी कधी विचारलं नाही.

परवा दिगू ओसरीवर कुणाला तरी हीच गोष्ट सांगत होता. तोही आता सत्तरीला टेकलाय, तब्येतीनं उतरलाय. म्हणाला, त्या दिवशी मी आईसाठी जेवायचा थांबलो होतो, वरण पार गार झालं होतं. मग आत मला हाक मारून विचारलं, "थांबलो होतो ना गं?"

मी म्हटलं, हो, थांबला होतास.